उणे नऊ

मूळ पट गेल्या मे महिन्यात कूलरच्या पाण्यात फुगला.
त्यावर परदेशातली गावं होती,
बाबांना एकाचंही नाव धड घेता यायचं नाही,
त्यामुळे फारसं कुणी हळहळलं नाही.

यंदा हेमंतदादानं फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडला
आणि नागपूर मधोमध ठेवून रेघा मारल्या.
बाबा चष्मा पुसत शेजारी बसले,
छत्तीस वर्षं लहान लाईनवरचे स्टेशन मास्तर.
"सौंसरच्या पुढं चारच चौकोन काहून? घाट आहे ना बे तिथं. सहा कर."
सहा केले.
"अन् उमरेड ते भिवापूर एकेरी ठेव.
दुसरी लाईन नव्हतीच कधी."
एकेरी ठेवली.
यातले किती रूळ आता जाग्यावर आहेत
हे त्या दुपारी कुणी विचारलं नाही.

नंदनवनातलं घर, खिडकीला ओली वाळ्याची ताटी,
फरशीवर पुठ्ठा, चार कोपऱ्यांवर चार वाट्या,
नाहीतर कूलरच्या वाऱ्यानं गोंदिया उडून जातं.
हेमंतदादा लाल. वहिनी काळी,
बोलत नाही, बालाघाटकडे सरकत राहते.
बाबा हिरवे, सवयीनं.
उर्वी पिवळी. पिवळ्यांत एक डबा हरवलाय,
त्याच्या जागी चिंचोका.
उर्वी म्हणते तो ब्रेकव्हॅन आहे,
म्हणून तो नेहमी शेवटीच लागतो.
आणि मी दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर
चार रकाने आखून बसलेली.

तीन डब्यांना चार. चारांना सात.
सहांना पंधरा, म्हणून घाटावर भांडण.
दादा रामटेक अडवतो, कुणाला नको असताना अडवतो,
"खेळ आहे बाप्पा, खेळात चालते."
वहिनी तिच्या काळ्या डब्यांनी त्याला वळसा घालते.
उर्वी चिंचोक्याशी हळूच बोलते,
"आपल्याला उमरेडवरून जायचंय, थांब थोडं."
मी ऐकलं. बाबांना अलीकडे कमी ऐकू येतं.

मग बाबांची पाळी. बाबांनी पान उचललं.
पुन्हा पाळी. पुन्हा पान उचललं.
"झोप आली का तुम्हाला?" दादा म्हणाला.
उर्वीनं उमरेडपासून एकेक डबा मांडला,
तीन पिवळे आणि भिवापूरला टेकलेला चिंचोका.

संपलं. तिकिटं उघडा.
उर्वी अठ्ठावन्न, तिकिटांचे एकवीस,
सगळ्यांत लांब गाडीचे दहा. एकोणनव्वद.
दादा चौऱ्याऐंशी. दादा म्हणतो चिंचोका धरत नाहीत.
वहिनी म्हणाली, धरतात,
दुपारभरातलं तिचं ते एकच वाक्य.
वहिनी एकाहत्तर.

बाबा सहासष्ट, एका तिकिटाचे तेरा.
दुसरं तिकीट त्यांनी पाण्याच्या पेल्याखाली ठेवलं होतं,
ओलं झालेलं. नागपूर ते नागभीड. नऊ.
पुठ्ठ्यावर त्यांची हिरवी गाडी उमरेडला उभी,
पुढं भिवापूर ते नागभीडही हिरवंच,
मधे पिवळं.
आणि हातात न वापरलेली पानं:
हिरवी, हिरवी, हिरवी, हिरवी.

मी वहीच्या कडेला बारीक अक्षरात मांडून पाहिलं,
पंच्याण्णव झाले असते.

"बाबा, पानं तर होती."
त्यांनी पेला उचलून तळ पुसला.
"तिनं आधी लाईन मागितली होती.
एकेरीवर गोळा एकच असतो.
एकाला दिला की दुसऱ्यानं थांबायचं."

उर्वी तोवर अंगणात पोचली होती,
उन्हात, अनवाणी, पाय नाचवत,
एकोणनव्वद एकोणनव्वद करत.

"हे नऊ सोडून देऊ?" मी विचारलं.
बाबांनी पेन माझ्या हातातून घेतलं.
"गाडी लेट तर लेटच लिहायची."
उण्याची रेघ जरा लांबच ओढली,
खाली सत्तर,
त्याखाली चार वाजून वीस मिनिटं, आणि सही.

दादा अजून लाल डबे मोजतोय.